मावशींचा फोटो काळा का आला?

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा विषय आमच्याकडे फक्त पास होण्यापुरता असायचा, त्यामुळे मी मासिकाच्या मराठी विभागात लेख देणार म्हटल्यावर रूमवर जोरदार हशा झाला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. हा लेख इंग्लिशमध्ये लिहिणं बरोबर वाटेना, कारण ज्यांच्यामुळे मी तो लिहिते आहे त्या आमच्या मेसच्या मावशींनी मला जे काही सुनावलं ते मराठीतच सुनावलं. आणि छापून आल्यावर तो त्यांना वाचून दाखवायचं मी कबूल केलं आहे.

मावशींना हॉस्टेलमध्ये कोण ओळखत नाही? परीक्षेच्या दिवसांत रात्री अकराला "पोळ्या संपल्या" म्हणत म्हणत दोन पोळ्या ताटात टाकणाऱ्या त्याच. एकोणीस वर्षं काम करून यंदा दिवाळीला त्या गावी गेल्या, माण तालुक्यात. जाण्याआधी ऑगस्टमध्ये एकदा मला कॅमेरा गळ्यात अडकवून जाताना पाहून म्हणाल्या, "पोरी, माझा एक चांगला फोटू काढ. भिंतीवर लावायला. नाहीतर मी गेल्यावर पोरं आधारकार्डावरचा फोटू मोठा करून लावतील."

ज्यांनी स्वतःचं आधारकार्ड पाहिलं आहे त्यांना ही भीती किती खरी आहे ते कळेल!

मी लगेच हो म्हटलं. फोटो काढला. तीन आठवड्यांनी रोल धुऊन आला. फोटोत मावशींच्या मागची खिडकी झकास, पांढऱ्या टाइल्स झकास, भाताच्या वाफेचा ढगसुद्धा झकास. आणि मधोमध मावशींच्या आकाराचा एक काळा डाग. त्यांनी फोटो हातात घेतला, जरा लांब धरला, मग चष्मा लावून जवळ धरला आणि म्हणाल्या, "एवढी काळी हाय व्हय मी?"

"नाही हो मावशी, लाईटचा प्रॉब्लेम आहे," मी म्हटलं. "असंल," त्या म्हणाल्या, "न्हाईतर तुझ्या कॅमेऱ्याला गोरी माणसंच दिसत असतील." आणि हसून कणीक मळायला लागल्या. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. हा लेख म्हणजे त्या एका काळ्या डागाचं पोस्टमॉर्टेम आहे.

आधी थोडं आमच्या रूमबद्दल. चार पलंग आणि चार वेडं. एकीला कपड्यांचं वेड. तिच्याबरोबर फॅशन स्ट्रीटला जायचं म्हणजे घासाघीस कशी करावी याचं प्रॅक्टिकल. दुकानदार सहाशे म्हणाला की ही दीडशेपासून सुरू करते आणि त्याच कुर्त्याची बाही कापून नवीन काहीतरी शिवते. दुसरीच्या कानात दिवसरात्र इयरफोन. तिला आर. डी. बर्मनपासून कोरियन बॅंडपर्यंत सगळं पाठ, फक्त सिग्नल्सची सूत्रं सोडून. तिसरी कोळशाने चित्रं काढते, त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या उशांचे अभ्रे कायम काळे. आणि चौथी मी. रविवारी चौघी लोकल पकडून काळा घोड्याला जातो. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून तिथे उभी आहे आणि आत जायला एक पैसा लागत नाही, हॉस्टेलच्या बजेटमध्ये हे फार मोलाचं! गंमत म्हणजे ज्या घोड्यामुळे त्या जागेला नाव पडलं तो मूळ घोडा १९६५ सालीच तिथून हलवला. सातवा एडवर्ड राजा पाठीवर घेऊन तो आता राणीच्या बागेत आहे. सध्या काळा घोड्याला दिसतो तो २०१७ मध्ये बसवलेला, बिनराजाचा. घोड्याचा विषय पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

माझा कॅमेरा मामाचा. पेंटॅक्स के १०००. हे मॉडेल १९७६ मध्ये आलं आणि १९९७ पर्यंत जवळजवळ तसंच बनत राहिलं. एकवीस वर्षं एकच डिझाइन! आपल्याकडे दोन वर्षांत सिलॅबस बदलतो. सगळा कारभार स्प्रिंग आणि दातेरी चक्रांचा. एक चपटी बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या काट्यासाठी. बॅटरी मेली तरी कॅमेरा चालतो. काट्याला बंद करायचं बटणच दिलेलं नाही. लेन्सवर झाकण लावलं की अंधार होतो आणि बॅटरी वाचते. (हे मला दोन बॅटऱ्या संपल्यावर कळलं.)

फोन असताना हे दुखणं कशाला, असं सगळेच विचारतात. खरं सांगायचं तर सुरुवात नुसती स्टाइल म्हणून झाली. गळ्यात जुना कॅमेरा बरा दिसतो. पण रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून एका फोटोला मला पन्नासएक रुपये पडतात. एका रोलमध्ये ३६ फोटो आणि काढलेला फोटो लगेच दिसत नाही. त्यामुळे एकेक फोटो म्हणजे एकेक व्हायवा, उत्तर आधी डोक्यात तयार पाहिजे. पहिला रोल तर मी अख्खा कोरा काढला. फिल्मचं टोक आतल्या रिळात अडकलंच नव्हतं आणि मी महिनाभर हवेचे फोटो काढत होते. रोल भरल्यावर खटका ओढताना डावीकडची गुंडाळायची कळ फिरतेय का ते बघायचं. फिरत नसेल तर आत काही हलत नाही. हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

आता मूळ मुद्दा. फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा हे दोन गोष्टींनी ठरतं. लेन्समधलं भोक केवढं, म्हणजे ॲपर्चर, आणि ते किती वेळ उघडं, म्हणजे शटर. नळाखाली बादली भरण्यासारखं आहे. तोटी मोठी सोडली तर थोडा वेळ, बारीक सोडली तर जास्त वेळ. बादलीचा आकार म्हणजे फिल्मचा आयएसओ. शटरचे आकडे सरळ आहेत, १/६०, १/१२५, १/२५० सेकंद; प्रत्येक वेळी उजेड साधारण निम्मा. ॲपर्चरचे आकडे मात्र विचित्र वाटतात: २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. मला हे आकडे पाठ करायला लागायचे, मग एक दिवस मेकॅनिक्सच्या तासाला झोपेतच उजेड पडला. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतं. क्षेत्रफळ निम्मं करायचं तर व्यासाला वर्गमूळ दोनने, म्हणजे १.४ ने भागायचं. आणि हा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ भागिले व्यास, म्हणून भोक लहान होतं तसा आकडा १.४ पटीने वाढतो. दोन गुणिले १.४ म्हणजे २.८, पुढे ४. बस्स. प्रत्येक पायरीला फोटोवाले 'स्टॉप' म्हणतात. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.

मग किती स्टॉप ठेवायचे ते कोण सांगणार? के १००० मध्ये डोळा लावला की उजवीकडे एक काटा दिसतो. काटा मधोमध आला की 'बरोबर'. मी मावशींचा फोटो काढला तेव्हा काटा अगदी मधोमध होता. १/१२५ आणि एफ ४. मग चुकलं काय?

चुकलं हे, की काटा बरोबर होता पण त्याला विचारलेला प्रश्न वेगळा होता. कॅमेऱ्याला माणूस, खिडकी, भात काही कळत नाही. समोरून परत येणारा उजेड तो गोळा करतो, त्याची सरासरी काढतो आणि गृहीत धरतो की समोरचं जग सरासरीने मध्यम राखाडी आहे. पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के उजेड परत पाठवणारा राखाडी रंग, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. काटा मध्ये आणा म्हणजे ही सरासरी राखाडी येईल, एवढंच तो सांगतो. झाडं, रस्ता, माणसं, थोडं आकाश अशा खिचडीला हे गृहीतक छान चालतं. पण खिडकी, पांढऱ्या टाइल्स आणि वाफ अशी सगळी पांढरी फौज मागे उभी असली की तो म्हणतो, बापरे, फारच उजेड आहे, कमी करा. कमी केला की पांढरं राखाडीकडे जातं आणि आधीच सावलीत असलेला चेहरा खड्ड्यात.

विश्वास बसत नसेल तर आत्ता फोनवर करून बघा. एक काळा टीशर्ट आणि एक पांढरा कुर्ता घ्या. आधी पूर्ण स्क्रीन फक्त काळ्याने भरा आणि फोटो काढा, मग फक्त पांढऱ्याने. आम्ही कपडेवाल्या रूममेटच्या कपाटावर हा प्रयोग केला. काळा टीशर्ट धुऊन विटल्यासारखा आला, पांढरा कुर्ता मळल्यासारखा. तिला फ्रेशर्स पार्टीतल्या तिच्या काळ्या ड्रेसचे फोटो आठवले. ड्रेस राखाडी आणि चेहरा भुतासारखा पांढराफटक! त्या दिवशी तिने फोटो काढणाऱ्या सीनियरला मनातल्या मनात माफ केलं.

मावशींच्या फोटोत नेमका किती फरक पडला ते मला मोजायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी मावशींना उभं केलं आणि कॅमेरा त्यांच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ नेऊन फक्त काटा पाहिला. आलं १/६० आणि एफ २. म्हणजे ४ ते २.८ एक, २.८ ते २ दोन, आणि शटरचा एक. तीन स्टॉप. दोन गुणिले दोन गुणिले दोन. चेहऱ्याला हवा होता त्याच्या एक अष्टमांश उजेड मी दिला होता. निगेटिव्हवर बघितलं तर खिडकीच्या जागी गच्च काळं आणि चेहऱ्याच्या जागी जवळजवळ कोरी नारिंगी फिल्म. जिथे उजेड पोचतो तिथेच फिल्मवर काहीतरी उमटतं. जिथे पोचला नाही तिथे लॅबवाला काय, देवसुद्धा स्कॅन करून आणू शकत नाही. म्हणून जुने फोटोवाले निगेटिव्ह फिल्मला सढळ हाताने उजेड देतात. जास्त झालेला ती बऱ्यापैकी पचवते, कमी पडलेला नाही.

इथपर्यंत चूक माझी आणि खिडकीची. पण मावशींचं ते गोऱ्या माणसांचं वाक्य डोक्यातून जाईना. थोडं वाचलं तेव्हा दिसलं की त्या गमतीत बोलल्या ते फार चुकीचं नव्हतं. साधारण १९५० च्या दशकापासून कोडॅक फोटो लॅबना एक नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्यावर एक गोरी बाई. लॅबवाल्याने मशीन असं जुळवायचं की त्या बाईच्या कातडीचा रंग बरोबर येईल. कोडॅकमध्ये काम करणाऱ्या शर्ली नावाच्या बाईवरून या कार्डांना 'शर्ली कार्ड' नाव पडलं. पुढे बायका बदलल्या, नाव तेच राहिलं. म्हणजे 'बरोबर रंग' कशाला म्हणायचं हे ठरवताना टेबलावर आपल्यासारखं कोणी नव्हतं. गोरी आणि काळी मुलं एकाच फोटोत असली की एकाचे तपशील गायब. आणि सुधारणा व्हायला मोठा हातभार कोणी लावला? लॉर्ना रॉथ या कॅनडातल्या संशोधक बाईंनी हे शोधून लिहिलं आहे. चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांनी! त्यांच्या जाहिरातींत चॉकलेटच्या आणि लाकडाच्या तपकिरी छटा एकमेकींत मिसळून जात होत्या. माणसांच्या तक्रारीपेक्षा कपाटाची तक्रार भारी ठरली, यावर मी काय बोलणार. नंतर फिल्म खरंच सुधारली. कोडॅकच्या नव्या गोल्ड फिल्मचं वर्णन करताना अंधुक उजेडातल्या काळ्या घोड्याचे तपशीलही ती टिपते, असं म्हटलं गेलं. काळा घोडा! मी वापरते ती फिल्म कोडॅक गोल्डच. पुढे कार्डांवरही वेगवेगळ्या वर्णाच्या बायका आल्या.

फोनमध्ये हा प्रश्न संपला असं समजू नका. गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ बरोबर 'रिअल टोन' नावाने सावळी, काळी कातडी जशी आहे तशी दाखवण्याचं काम जाहीर केलं. इतक्या उशिरा ते जाहीर करावं लागलं यातच सगळं आलं. आणि आपल्या हॉस्टेलमधल्या निम्म्या फोनमध्ये ब्युटी मोड चालू असतो, तो न विचारता सगळ्यांना दोन छटा गोरं करतो. मावशींचा फोटो मी फोनवर काढून दाखवला होता. बघून म्हणाल्या, "ही कोण?"

एक मोठा धीर मात्र मला होमाई व्यारावाला यांच्याकडून मिळाला. नवसारीला १९१३ मध्ये जन्म, आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी, भारतातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जायचे. त्यांनी जे. जे. मधल्या मैत्रिणींचेही फोटो काढले, म्हणजे पुढे १९४७ चं झेंडावंदन वगैरे टिपणारी बाई सुरुवातीला आमच्यासारखीच मैत्रिणींना उभं करून फोटो काढत होती. त्यांच्या सुरुवातीच्या काळातल्या रोलीफ्लेक्समध्ये काटा नव्हता. उजेड डोळ्याने ओळखायचा. त्याचं एक जुनं सूत्र आहे. लख्ख उन्हात भोक एफ १६ वर आणि शटर फिल्मच्या आयएसओच्या जवळचं. २०० ची फिल्म असेल तर १/२५०. हलके ढग आले की एक स्टॉप उघडायचा, मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत तीन. मी आता वर्गात जाता-येता काटा न बघता अंदाज बांधते आणि मग ताडून बघते. दहात सात वेळा बरोबर येतो, जे माझ्या मॅथ्स थ्रीपेक्षा बरं आहे.

ऑक्टोबरमध्ये दुसऱ्यांदा फोटो काढला. या वेळी चौघी गेलो. चित्रकार रूममेटने आल्याआल्या पहिली चूक दाखवली. "अगं, खिडकी त्यांच्या पाठीला कशाला? त्यांना खिडकीकडे तोंड करून बसव, जरा तिरकं." कोळशाने चेहरे काढणाऱ्या माणसाला उजेड कुठून येतो हे आधी दिसतं, मला काटा आधी दिसतो. मागे कोठीघराचं गडद हिरवं दार आलं. कपडेवालीने पदर नीट करायला हात पुढे केला तर मावशींनी तो बाजूला सारला. "चाळीस वर्षं लुगडं नेसते, तू मला शिकवतीस?" त्यांनी मुद्दाम ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं, लाल काठांचं. आमच्या बाईसाहेब त्या काठाकडे इतक्या वेळ बघत राहिल्या की काम थांबलं.

आता काटा कोणाला दाखवायचा? गडद दाराला दाखवला तर तो उजेड वाढवा म्हणेल आणि चेहरा फटफटीत येईल. युक्ती अशी, की माणसामाणसांच्या चेहऱ्याच्या रंगात जितका फरक असतो तितका तळहातात नसतो. तळहात त्या मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ. मी माझा तळहात मावशींच्या चेहऱ्याजवळ, त्याच उजेडात धरला आणि फक्त तळहातावर काटा मोजला. १/१२५, एफ ४. एक स्टॉप उघडला, एफ २.८. मग मागे होऊन काट्याकडे अजिबात न बघता फोटो काढला. काटा ओरडत होता, ओरडू दिला. भोक मोठं असलं की थोडाच भाग स्पष्ट येतो, म्हणून फोकस डोळ्यांवर.

तरी पहिल्या दोन फोटोंत मावशी आधारकार्डासारख्याच ताठ बसल्या होत्या. शेवटी गाणीवालीने कानातले इयरफोन काढले आणि फोनवर प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी लावली. दुसऱ्या कडव्याला मावशींचे खांदे खाली आले, तिसऱ्याला ओठ हलायला लागले. तेव्हा खटका दाबला.

रोलमध्ये अजून बारा फोटो उरले होते. ते मी दोन दिवसांत काहीही काढून संपवले. कॅंटीनचं मांजर, नोटीस बोर्ड, सबमिशनची रांग. सहाशे रुपये गेले, पण मावशी निघायच्या आत धुऊन यायला हवा होता. आठ बाय दहाचा प्रिंट केला. काळी पडलेली कपाळावरची गोंदणाची खूण, डोळ्यांजवळच्या सुरकुत्या, लुगड्याची चौकड, सगळं आलं आहे. आणि चेहरा सावळा आहे, मावशींचा आहे तेवढाच.

त्यांनी तो बराच वेळ पाहिला. पिशवीतलं वर्तमानपत्र काढून त्यात गुंडाळला. मग म्हणाल्या, "आन् तो पहिला कुठाय? काळा?"

मी म्हटलं, "तो कशाला मावशी, तो बिघडलाय."

"दे तो पण. एकोणीस वर्षं त्या खिडकीपाशी उभी होते. खिडकी झ्याक आलीय त्यात."

दोन्ही घेऊन गेल्या.